सकाळची भवानी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आले बाई एकदाची उंब्रजला. हायवेच्या वर माळावर हे विज्ञान केंद्र, पुढं बाग, बागेत माणसापेक्षा मोठ्या दोन लोखंडी तबकड्या. एकीत तोंड घालून पुटपुटलं की साठ पावलांवरच्या दुसरीत स्वच्छ ऐकू येतं. नौशीननं खोलीत सामान टाकलं आणि तिकडे धूम ठोकली. मी दुसरीकडे कान लावून उभी, तर ऐकू काय यावं, अम्मी, हितं संडास घरातच हाय! एवढी हसले की पोटात दुखलं. किती दिवसांनी हसले, देव जाणे.

सांगलीला एका दवाखान्यात अकरा वर्षं आयाचं काम केलं, त्यातली नऊ रात्रपाळीची. नौशीनचे अब्बा करोनात गेले त्या रात्रीसुद्धा मी दुसऱ्याच वॉर्डात कुणाची तरी चादर बदलत होते. आता दिवसाची नोकरी, मागं राहायला एक खोली, आणि कंपाउंडला लागून पोरीची शाळा. आणखी काय पाहिजे माणसाला? झोप. तीही मिळेल आता.

बाकी सगळ्या संग्रहालयांत 'हात लावू नये' लिहिलेलं असतं. इथं उलटं. प्रत्येक वस्तूखाली पाटी, 'हात लावा'. तांब्याच्या आणि जस्ताच्या पट्टीवर तळवे ठेवले की काटा हलतो, म्हणजे आपल्याच अंगातून वीज. ताटात मुंडकं दिसतं असं एक टेबल आहे, त्यात जोतीरामनं स्वतःचं मिशावालं मुंडकं ठेवून नौशीनला घाबरवलं. जोतीराम फौजेतून मेकॅनिक म्हणून पेन्शनीवर आलेला. गेट तोच सांभाळतो, बिघडलेलं तोच दुरुस्त करतो. माझ्याकडे सावलीची खोली. जुन्या बाई, राहीबाई, आठवडाभर मला काम शिकवून कुंडलला गावी जाणार आहेत.

नौशीन झोपेत पण बडबडतेय. नऊ वर्षांची झाली तरी लाथा मारायची सवय गेली नाही. मी पण पडते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काम सोपं आहे. खोलीला काळा रंग, एका भिंतीवर पिवळट पडदा चिकटवलेला. पडदा उजेड पितो आणि अंधारात हिरवा चमकतो. पोरांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, हात वर, एक पाय वर, काय वाट्टेल ते. मी बटण दाबते, लख्ख उजेड पडतो. पोरं बाजूला होतात, त्यांच्या सावल्या मात्र हिरव्या भिंतीवर काळ्या तशाच चिकटून राहतात. पोरं किंचाळतात. मिनिटाभरात हिरवं विझतं, सावल्याही जातात, आणि भिंत पुढच्या घोळक्याला कोरी.

सकाळी साडेनऊला, दार उघडायच्या आधी, एकदा चाचणी घ्यायची असते. राहीबाई तिला भवानी म्हणतात. बाजारात दिवसाच्या पहिल्या विक्रीला म्हणतात ना, तसंच. सहा वर्षं रोज स्वतः उभ्या राहिल्या. त्यांच्या सावलीला जायला चांगली चार-पाच मिनिटं लागली. म्हटलं, पडदा सकाळी ताजा असेल.

मग मला म्हणाल्या, आता तुमी करा. मी उभी राहिले. माझी सावली चाळीस सेकंदांत गायब. राहीबाई कोऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या, जरा जास्तच वेळ. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काय न्हाई, तुमी लय दमलाय जणू. त्यांनी मला दमलाय म्हणावं म्हणजे कमालच. त्यांना स्वतःला स्टुलावरून उठायला भिंत धरावी लागते, घास तोंडाशी नेताना मध्येच थांबतात. मी त्यांना पासष्टच्या धरून चालले होते. जोतीराम म्हणाला, आवं शेचाळीसच्या हायत त्या. आल्या तवा अख्खं केंद्र डोक्यावर घ्यायच्या हसून हसून.

शेचाळीस. माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठ्या. आरशात जरा नीट बघून घेतलं मग.

२३ नोव्हेंबर, रविवार

रविवार असून अख्ख्या दिवसात एकोणीस माणसं. केंद्राच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, मार्चपर्यंत गर्दी वाढली नाही तर सावलीची खोली बंद करून तिथं कॅन्टीन काढायचं ठरतंय. कॅन्टीनला माझ्यासारखी बाई लागत नाही हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. म्हणजे परत सांगली, परत रात्रपाळी, परत पोरीला शेजारणीकडे झोपवायचं.

राहीबाईंना बोलले. त्या हळूच म्हणाल्या, तुमच्या लेकीकडनं एकदा भवानी करून बघा. लहान पोरीच्या हाताला लय गुण असतो.

खोटं कशाला बोलू, मला ते एकदम पटलं. इथंच उंब्रजच्या बाजारात माझ्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. सकाळी पहिली बांगडी गिऱ्हाइकाच्या हातात मीच भरायची, असा अब्बांचा नियम. ताप आला तरी मला उचलून दुकानात न्यायचे, एक बांगडी भरून घ्यायचे आणि परत घरी आणून झोपवायचे. म्हणायचे, दिलशादनं भवानी केली की दुकानाला दम खायला वेळ मिळत नाही. आणि खरंच मिळायचा नाही.

परवा मंगळवारी नौशीनला उभी करते. तिला सांगितलं तर आत्तापासून कुठल्या पोझमध्ये उभं राहायचं याची तालीम चाललीय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

केली. निळा फ्रॉक, दोन वेण्या, दोन्ही हात पसरून बोटं फाकलेली. उजेड पडला, ती उडी मारून बाजूला झाली, आणि सावली काय देखणी पडली! वेणीची रिबिनसुद्धा दिसत होती. नौशीन तिच्यासमोर नाचली, तिला वेडावून दाखवलं. सहा मिनिटं होती. मी दार उघडलं म्हणून गेली असेल.

राहीबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी जोरात श्वास घेतला, पाण्यात बुडालेलं माणूस वर आल्यावर घेतं तसा, आणि ढसाढसा रडायला लागल्या. शेवटचा दिवस, वाटायचंच. दुपारी मात्र त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, माझ्यातली अर्धी मागून घेतली, आणि कुंडलला जायला निघाल्या तेव्हा पिशवी स्वतः उचलली. जाताना नौशीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता गेल्या.

अकराला न सांगता एका शाळेची बस आली. दीडला दुसरी. तीनला दोन एकदम. जोतीराम म्हणतो, म्याडम, तुमची पोरगी लकी हाय. अब्बांची आठवण आली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सहलींचा हंगाम सुरू झालाय म्हणे, पण जोतीराम सांगतो एवढी गर्दी आजवर कधीच नव्हती. पाय सुजलेत. घसा बसलाय. साहेब येता-जाता हसतात.

नौशीन रोज सकाळी भवानी करते आणि मग दप्तर घेऊन शाळेत पळते. आता तिची सावली दहा मिनिटं राहते. तिनं शाळेत बढाई मारलीय की माझी सावली जाईपर्यंत वीसपर्यंतचे पाढे म्हणून होतात. जोतीरामला पडदा दाखवला. त्यानं चष्मा लावून, हात फिरवून बघितलं. म्हणाला, थंडीनं होत असंल, मटेरियल तर ओक्के हाय.

४ डिसेंबर, गुरुवार

आज एक विचित्र गोष्ट झाली.

शिराळ्याच्या एका शाळेचा गट होता. मी नेहमीप्रमाणे सहाजण उभे केले. उजेड पाडला. पोरं बाजूला झाली आणि मोजायला लागली, कोण उंच, कोण बुटका. मोजता मोजता एकजण म्हणाला, बाई, आमी सहा हाय, सावल्या सात हायत. त्यांच्या सरांनी मोजल्या. मी मोजल्या. सातच होत्या. सातवी कडेला, हात पसरलेली, दोन वेण्या.

सर हसले, म्हणाले, छान ट्रिक आहे तुमची. मी पण हसले. काय करणार? पुढच्या गटालाही ती तिथंच होती. नवा उजेड पडला की जुनी सावली पुसली जायलाच हवी. ही पुसली जात नाही.

डोळे दमलेत माझे, असं जोतीरामला म्हटलं. मग सरांचे डोळे कशानं दमले होते, हे तो बोलला नाही, पण बघितलं त्यानं तसंच.

७ डिसेंबर, रविवार

काल शाळेतून निरोप आला होता, नौशीन वर्गात झोपते. मी तिलाच रागावले, मोबाईल बघत बसत असशील रात्री म्हणून. तिनं उलट उत्तर दिलं नाही. ही पोरगी आणि उलट उत्तर नाही? आज सुट्टी, तर दुपारी दोनपर्यंत उठलीच नाही. उठवून तबकडीपाशी नेली. मी लांबच्या तबकडीत म्हटलं, नौशीन राणी, बोल की काहीतरी. बराच वेळ वाऱ्याचाच आवाज. मग म्हणाली, अम्मी, दमले गं.

नऊ वर्षांची पोर. माझा शब्द तिच्या तोंडात.

९ डिसेंबर, मंगळवार

सोमवारी केंद्र बंद असतं म्हणून काल तिला कराडला डॉक्टरकडे नेलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो. सगळं चांगलं आलं. रक्त तर माझ्यापेक्षा चांगलं. टॉनिक दिलं. डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे, झोपू द्या. मीही दवाखान्यात अकरा वर्षं काढलीत. झोपलेलं पोर आणि उतरलेलं पोर यातला फरक मला कळतो.

एसटी स्टँडवर दुपारच्या उन्हात उभ्या होतो. माझी सावली फरशीवर काळीभोर. तिची पाणी घातलेल्या चहासारखी. मी तिला हलवून बघितलं, जागा बदलून बघितलं. लोक बघायला लागले तेव्हा थांबले.

आज तिला भवानी करू दिली नाही. खोलीवर झोपवून एकटी गेले. म्हटलं मीच उभी राहते. दिवा घालवला.

बटण दाबायच्या आधीच भिंत हिरवी होती आणि ती तिथं होती. हात पसरलेले नव्हते. कुशीवर, गुडघे पोटाशी, हात गालाखाली. खोलीवर मी तिला आत्ता जशी ठेवून आले होते तशी.

११ डिसेंबर, गुरुवार

खोली बंद ठेवली तर? ठेवली काल दिवसभर. साहेब ओरडले. संध्याकाळी आत डोकावले, तर ती तशीच. इकडे नौशीननं चमचाभर पेज खाल्ली.

पडदा फाडून जाळावा असं वाटतं. हात जात नाही. ती त्याच्यात असेल तर?

१३ डिसेंबर, शनिवार

अजमल, माझा धाकटा भाऊ, गाडी घेऊन आला आणि तिला सांगलीला घेऊन गेला. म्हटलं लांब तर जाऊ दे. इथून नव्वदेक किलोमीटर. तिकडे त्याची बायको आहे, चांगला दवाखाना आहे.

दुपारी तीनला भिंतीवरची सावली उताणी झाली, एक हात लोंबता. मी अजमलला फोन लावला. म्हटलं, नौशीन कशी झोपलीय आत्ता. तो म्हणाला, आपा, हे काय विचारणं. मी म्हटलं, सांग. म्हणाला, उताणी आहे, हात कॉटच्या बाहेर आलाय.

सहली चालूच आहेत. तिच्यासमोर पोरं उड्या मारतात. मी बटण दाबते.

१५ डिसेंबर, सोमवार

कुंडलला गेले. कराडला एसटी बदलली, बसमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागून एका बाईच्या अंगावर पडले.

राहीबाई शेणकूट थापत होत्या. मी ओळखलंच नाही. गाल वर आलेत, पाठ सरळ, आणि चक्क गुणगुणत होत्या. मला बघितलं आणि हातातलं शेण खाली पडलं.

त्यांनी काही लपवलं नाही. सहा वर्षांपूर्वी पडदा नवा बसवला तेव्हा पहिल्या दिवशी हौसेनं त्याच उभ्या राहिल्या, हसत हसत. तेव्हापासून ती भिंत त्यांची भवानी घेत होती. आधी नुसतं दमल्यासारखं वाटायचं. मग केस पिकले, दात गेले. सुरुवातीला त्यांचीही सावली अर्धा अर्धा तास राहायची, त्या आटत गेल्या तशी ती चार-पाच मिनिटांवर आली. सुट्टी घेऊन गावी आल्या तरी सुटका नव्हती. एकदा साहेबांनी पडद्यावर चुना मारून घेतला दोन दिवस, तर यांचा डावा हात तेव्हापासून वळत नाही. दाखवला मला. म्हणून फाडू नगा बाई, म्हणाल्या, पोरगी जाईल.

मी येणार हे कळल्यावर त्यांना वाटलं होतं, आता हिला देऊन मोकळं व्हावं. पण भिंतीनं मला घेतलं नाही. चाळीस सेकंदांत सोडून दिलं. म्हणाल्या, तवाच कळलं मला. दमल्याली माणसं त्या पडद्याला नगं असत्यात. आपल्यात घेण्याजोगं काय उरलंय? त्याला टवटवीत लागतं.

आणि मग त्यांना माझी नौशीन दिसली.

पाय धरले त्यांनी माझे. म्हणाल्या, लय दमले हुते ओ मी, लय दमले हुते. मला त्यांच्या झिंज्या धरायला पाहिजे होत्या. गावभर बोंब मारायला पाहिजे होती. मी तिथंच ओट्यावर बसून राहिले. राग यायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं. त्यांनी चहा केला. मी प्यायला. तोंड जळो माझं, मी तो चहा प्यायला.

सुटायची वाट एकच, म्हणाल्या. सकाळी दुसऱ्या कुणीतरी एकट्यानं पहिलं उभं राहायचं, आणि भिंतीनं त्याला घ्यायला हवं. तेवढ्यानंच मी सुटले.

१७ डिसेंबर, बुधवार

मी टवटवीत होऊन दाखवते. काल झोपेची गोळी घेऊन दहा तास झोपले. डोक्यावरून न्हाले, ईदचा गुलाबी ड्रेस घातला, डोळ्यांत सुरमा. भिंतीला पाठ लावून हसले. खोटं खोटं हसू लागले ते खरं व्हावं म्हणून नौशीनचं ते संडासचं आठवलं. हसू आलंही. मग रडू आलं.

तीस सेकंद. आधीपेक्षा कमी.

१८ डिसेंबर, गुरुवार

परत. पंचवीस.

जोतीरामला सगळं सांगितलं. त्यानं मला वेडी म्हटलं नाही. टोपी काढून स्वतः उभा राहिला, फौजी सावधान. त्याची सावली पडलीच नाही, म्हणजे पडली आणि लगेच विरली. म्हणाला, म्याडम, अठ्ठावीस वर्षं ड्युटी झाली, आता काय राहिलंय. बाहेर जाऊन विडी ओढत बसला.

२० डिसेंबर, शनिवार

अजमलनं तिला परत आणली. सांगलीच्या डॉक्टरांनाही काही सापडेना, आणि ती झोपेत सारखं अम्मी अम्मी करत होती. आता खोलीवर आहे. अजमल तिच्यापाशी बसलाय. डोळे उघडत नाही. ओठांवर पाणी टेकवलं तर गिळते.

भिंतीवरची आता अशी काळी झालीय की दिवा लावला तरी दिसते. दुपारी कुणी नव्हतं तेव्हा मी तिच्याजवळ गेले. 'हात लावा' म्हणतात ना. लावला. ऊबदार होती. केसांवरून हात फिरवला, वेणीवरून, कपाळावरून. कितीतरी वेळ. मग गट आला म्हणून सोडावं लागलं.

संध्याकाळी अजमल म्हणाला, आज एकदाच बोलली. म्हणाली, अम्मी केसांत हात फिरवत होती, मधेच का थांबली.

२१ डिसेंबर, रविवार

कुणीतरी. फक्त कुणीतरी. रोज चारशे पोरं येतात.

नाही. छे. हे मी काय लिहिलं—

पण चारशे.

२२ डिसेंबर, सोमवार

केंद्र बंद. दिवसभर तिच्या उशाशी. श्वास मोजते. सवयीनं मोजले जातात. मिनिटाला अकरा. दवाखान्यात अकरा झाले की आम्ही सिस्टरला हाक मारायचो. इथं कुणाला मारू?

कराडच्या डॉक्टरांनी दाखल करा म्हटलंय. उद्या सकाळी गाडी येईल.

एक आई दुसऱ्या आईचं पोर— नाही. राहीबाईंनी काय केलं मग? तिनं केलं. ती आता भाकरी खाते. गुणगुणते.

मी अशी नाही. मी अकरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची ढुंगणं धुतली. मी अशी—

२३ डिसेंबर, मंगळवार

सव्वानऊ. आठ. तिचे श्वास आठ. गाडी आलीय. अजमल म्हणतो चल. मी म्हटलं तू हो पुढं. तो ओरडला, आई आहेस का कोण? सावलीच्या खोलीत आले.

ती भिंतीवर आहे. दाराकडे तोंड. एक हात पुढं.

बाहेर बस लागली. मुलींची शाळा आहे. लवकर आल्यात. जोतीराम त्यांना थांबवून ठेवतो म्हणाला. थांबवून ठेव रे बाबा. थांबवून ठेव.

लिहीत राहते. लिहीत आहे तोवर हात कडीला लागत नाही.

अजमलचा फोन. हायवेला लागलेत. सात.

दारावर टकटक. फटीतून बघितलं. जोतीरामच्या हाताखालून निसटून एक पुढं आलीय. आठ-नऊ वर्षांची. पुढचा दात पडलेला. तिला आधी आत यायचंय. नेहमी रांगेत मागं राहते म्हणे. मी नाही म्हटलं. तिनं परत विचारलं. मी परत नाही म्हटलं. नाव साक्षी. नाव कशाला सांगितलंस गं बाई.

जाते का? जा ना. तिथंच उड्या मारतेय.

फोन. सहा. अजमल रडतोय.

दारातूनच विचारलं तिला, एवढ्या लांबून बसनं आलीस, दमली नाहीस? ती म्हणाली, न्हाई वो. आज्जीबात न्हाई.

मी म्हटलं, मग ये. तू ये आधी. अशी भिंतीला पाठ लावून, बाळा, हात पस—